स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्यावा का? वर्षभर वापरून लिहितोय

ऑनलाईन मिळतो ना तो काडेपेटीएवढा निळा किंवा काळा डबा, ईएलएम३२७ नावाने विकतात, त्याबद्दल लिहितोय. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि इंजिनचे चालू आकडे तो फोनवर दाखवतो. चारपाचशेपासून दोन अडीच हजारापर्यंत सगळे भाव आहेत, माझा मधल्या भावातला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण आतला माल एकच असतो आणि बाहेरचं स्टिकर दर महिन्याला बदलतं. निकाल आधीच सांगतो, गाडी सहासात वर्षं जुनी झाली असेल आणि वॉरंटी संपली असेल तर डोळे झाकून घ्या. गाडी नवी असेल तर सध्या गरज नाही.

हा लावायचा कुठे, तर स्टिअरिंगच्या खाली, क्लचच्या वरच्या बाजूला हात घातला की १६ पिनचं एक सॉकेट लागतं. सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप जोडतात ते हेच. अमेरिकेत ही ओबीडी २, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरावीक पद्धत, १९९६ पासून सक्तीची आहे, आपल्याकडे बीएस४ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर २०१० पासून सुरुवात झाली आणि २०१३ पासून पूर्ण ओबीडी २ आलं, त्यामुळे २०१३ नंतरची गाडी असेल तर सहसा चालतो, त्याआधीची असेल तर विकणाऱ्याला परत घेणार का ते विचारून घ्या. डबा खोचायचा, इग्निशन ऑन करायचं, फोनच्या ब्लूटूथमध्ये १२३४ नाहीतर ०००० पिन टाकायचा आणि मग टॉर्क किंवा कार स्कॅनर यातलं एखादं ॲप उघडायचं. दोन्हीच्या फुकट व्हर्जनवर माझं भागतं.

आता खरा उपयोग कुठे झाला ते. आमची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली, पिकअप गेला, चेक इंजिनचा पिवळा लाईट आला. एका गॅरेजवाल्याने न बघताच इंजेक्टर क्लीनिंग, चारही प्लग, चारही कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारा पार्ट) असा हिशोब सांगितला. घरी येऊन डबा लावला तर कोड पी०३०३. पी म्हणजे इंजिन गिअरबॉक्सकडची तक्रार, ०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं, आणि शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. म्हणजे चारातले तीन ठणठणीत आहेत हे तिथेच कळलं. मग आमच्या गल्लीतल्या नेहमीच्या मेकॅनिकला कोड दाखवला, त्याने काय केलं तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावली आणि पहिल्याची तिसऱ्यावर, ॲपमधून कोड उडवला म्हणजे पुसला, गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. कोड आला पी०३०१. कॉइलबरोबर आजार पण सरकला म्हणजे कॉइलच मेलेली, प्लग नाही इंजेक्टर नाही. एक कॉइल बदलली, विषय संपला. कोड तिथेच राहिला असता तर मग प्लगची अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टर. ही युक्ती प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीतच चालते. आणि हो, पिवळा लाईट नुसता लागलेला असेल तर सावकाश गॅरेजला जाता येतं, पण लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या पार्टमध्ये, जाऊन जळतं आणि तो पार्ट गेला की कॉइलचा खर्च चिल्लर वाटतो.

लोक इथेच फसतात बरं का, कोड म्हणजे काय बदलायचं त्याची यादी नव्हे. पी०१७१ आला म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, एवढंच. त्याचं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतो, घाण झालेला हवेचा सेन्सर असू शकतो, दमलेला पेट्रोल पंप असू शकतो. पण गुगल करून ऑक्सिजन सेन्सर बदलून बसतात, आणि तो बिचारा फक्त तक्रार सांगत होता. सीएनजीवाल्यांनी तर इथे फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघाच. इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात दिसतं, साधारण अधिक उणे १० च्या आत असेल तर ठीक. बाहेरून बसवलेली सीएनजी किट नीट ट्यून केलेली नसेल तर हा आकडा भलतीकडेच जातो.

कोडपेक्षा मला लाइव्ह डेटाच, म्हणजे गाडी चालू असताना दिसणारे आकडे, जास्त आवडतो, खोटं कशाला बोलू. छोट्या गाड्यांत आजकाल टेंपरेचरचा काटाच नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा, बस. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा असला तरी बराच वेळ तो मुद्दाम मध्येच ठेवलेला असतो. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी घाट चढताना स्क्रीनवर कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ९० अंशांवरून ९७, मग पंखा लागून परत ९२ असं दिसतं तेव्हा पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप सगळं चालू आहे हे समजतं. ११० कडे जायला लागला तर एसी बंद करायचा आणि जागा बघून थांबायचं, आणि कृपा करून गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

बॅटरीचं पण तसंच. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करायच्या आधी १२.४ ते १२.६ व्होल्ट असेल तर बरी, १२ च्या खाली असेल तर थंडीत दगा देणार. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा पाहिजे. चालू असूनही १२ वरच अडकला असेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. माइल्ड हायब्रिडसारख्या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम कमीजास्त चार्ज करतो, तिथे हे आकडे तंतोतंत लावू नका.

जुनी गाडी बघायला जाताना तर खिशात टाकूनच न्या. विकणारा आदल्या दिवशी कोड उडवून ठेवतो आणि लाईट बंद दिसतो. पण कोड उडवले की सगळ्या सेल्फ टेस्ट म्हणजे रेडिनेस मॉनिटर पण शून्यावर येतात, आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तेही बऱ्याच गाड्यांत ॲपमध्ये दिसतं. तिथे १२ किलोमीटर दिसलं तर मालकाकडे बघून हसा आणि भाव पाडा. मीटर मागे फिरवलाय का ते मात्र शोधायला हा बहुतेक गाड्यांत उपयोगाचा नाही.

तक्रारी पण आहेत. एबीएस आणि एअरबॅगचे कोड फुकट ॲपमधून सहसा वाचता येत नाहीत, ते लाईट लागले तर गॅरेज गाठायलाच लागतं. ऑइलची पातळी, ब्रेक पॅड किती उरलेत, ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरलंय का, यातलं काही यात दिसत नाही, डिपस्टिक स्वतःच ओढून बघा. डबा कायम लावून ठेवू नका, त्या सॉकेटला चावी काढली तरी करंट असतो, गाडी पंधरा दिवस पार्किंगला उभी राहिली तर बॅटरी उतरते. माझ्या गाडीत तर तो इतका बाहेर येतो की क्लच मारताना गुडघ्याला लागतो, शेवटी छोटी एक्स्टेन्शन वायर घेतली.

घेताना एवढं बघा, व्हर्जन १.५ लिहिलंय म्हणून भुलू नका, ईएलएम३२७ काढणाऱ्या मूळ कॅनडाच्या कंपनीने १.५ नावाची चिप कधी काढलीच नव्हती, बाजारातले बहुतेक डबे नकला आहेत आणि २.१ लिहिलेल्या कितीतरी नकलांना ॲपचे अर्धे कमांड समजत नाहीत. रिटर्न चालू असलेल्या दुकानातून घ्या आणि आल्या आल्या आपल्या गाडीवर तपासा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊच नये, जोडलाच जात नाही, ब्लूटूथ ४.० किंवा वायफायवाला बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या गुडघ्याचा कापला.