माझं जपानी (एन३): अकरा महिने वापरल्यानंतर

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा, त्यात एन५ सर्वांत सोपी लेव्हल आणि एन१ सर्वांत अवघड, परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, एवढं सांगून पुढे जातो. हा रिव्ह्यू कुठल्या ॲपचा नाही आणि पुस्तकाचाही नाही. तीन वर्षं घासून, स्वतःचे पैसे घालून डोक्यात जे जपानी बसवलं, त्याचा आहे. खरं तर लिहिणार नव्हतो. पण मंगळवारी जे झालं त्यानंतर रात्री झोपच लागेना.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळा मराठी माध्यमाची, नंतर मेकॅनिकल डिप्लोमा, आता रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला. इंग्रजी कामापुरतं. ड्रॉइंग वाचतो, मेल लिहितो, भांडायची वेळ आली की मराठीवर येतो. जपानी शब्द मात्र भाषा शिकायच्या कितीतरी आधीपासून भिंतीवर होते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. ५एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांचा, तो बोर्ड मी पाच वर्षं रोज पुसला. मुदा (वाया जाणं), काइझेन (सतत सुधारणा), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) हे शब्द आमच्या लाइनवरचा हेल्परसुद्धा बोलतो. मला वाटलं, अर्धी भाषा येतेच आहे, उरलेली शिकून टाकू. शिवाय एन३ झाल्यावर महिन्याला ३,००० रुपये लँग्वेज अलाउन्स. हिशोब असा: तीन लेव्हलचा क्लास मिळून ४९,०००, पुस्तकं आणि झेरॉक्स ३,४००. परीक्षेची फी कंपनीने दिली. अलाउन्स फेब्रुवारीपासून सुरू झाला, म्हणजे आतापर्यंत ३३,००० वसूल. अजून १९,४०० अंगावर आहेत. पुढचं सगळं हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

मार्क १८० पैकी १०४. पास व्हायला ९५ लागतात आणि तिन्ही भागांत किमान १९-१९. माझे ऐकण्यात ६० पैकी २५ आहेत. त्या पंचवीसमध्येच माझ्या जपानीची सगळी कुंडली आहे. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही. सगळे पर्याय, गोळे काळे करायचे. त्यामुळे सर्टिफिकेट हातात असलेला माणूस तोंड उघडेपर्यंत फार हुशार दिसतो.

तर मंगळवार. नवीन फिक्श्चरच्या (पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाच्या) ट्रायलला जपानहून दोन इंजिनिअर आले होते. त्यातले वयस्कर होते ते मोजमापाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कोन्सेन्तो, आरिमासु का?" आरिमासु का म्हणजे आहे का, हे एन५चं पहिल्या महिन्यातलं. कोन्सेन्तो? डोक्यात लख्ख उजेड पडला: कन्सेंट. संमती. पाहुणे मशीनला हात लावायच्या आधी परवानगी आहे का विचारतायत, केवढी शिस्त, नाहीतर आपण! "हाई, शोशो ओमाची कुदासाई" (हो, जरा थांबा) म्हटलं आणि सेफ्टीकडे पळालो. वर्क परमिट, म्हणजे काम करायच्या परवानगीचा फॉर्म, भरलं, सेफ्टी ऑफिसरची सही घेतली. प्रॉडक्शनचे साहेब मीटिंगमध्ये होते, दाराशी उभं राहून त्यांचीही सही घेतली. पंचवीस मिनिटं गेली. परत येऊन कागद दोन्ही हातांनी, कमरेत वाकून पुढे केला.

त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. लॅपटॉपचा स्क्रीन काळा झाला होता. काही न बोलता त्यांनी बॅगेतून चार्जरची वायर काढली आणि प्लग हवेत धरला.

जपानीत कोन्सेन्तो म्हणजे भिंतीतलं सॉकेट. त्यांच्या मागेच, दीड हातावर होतं.

आणि ते दाखवूनही काम भागलं नाहीच. त्यांच्या प्लगला दोन चपट्या पट्ट्या, आपल्याकडे गोल पिना. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा होता म्हणून बरं, पण तो घुसणार कुठे? इलेक्ट्रिशियनच्या खोक्यातून कन्व्हर्टर आणला. त्याला हेन्कान पुरागु म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. तोवर लंचची घंटा झाली.

आता माझा मुद्दा. लोक जपानी म्हटलं की कांजीला, म्हणजे चीनमधून आलेल्या त्या चित्रासारख्या अक्षरांना, घाबरतात. जोयो, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या, कांजीच २,१३६, बाप रे! माझ्या अनुभवात कांजीने कधी दगा दिलेला नाही. साडेसहाशे येतात, उरलेली येत नाहीत, आणि येत नाहीत हे मला दिसतं. नाही येत तर फोन धरायचा. दगा देते ती काताकाना, म्हणजे ज्या लिपीत ते बाहेरून आलेले शब्द लिहितात. कारण तिथे येत नसताना येतंय असं वाटतं. हांदोरु म्हणजे हँडल नाही, स्टिअरिंग. कुराकुशोन म्हणजे हॉर्न. मान्शोन हा आपला साधा फ्लॅट. कान्निंगु म्हणजे परीक्षेतली कॉपी. साबिसु म्हणजे कित्येकदा दुकानात फुकट दिलेली वस्तू. क्वालिटीवाल्याला सर्वांत महत्त्वाचा कुरेमु, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार; 'रे'च्या जागी 'री' लांबवलात की खायचं क्रीम. अरुबाइतो इंग्रजी समजून शोधत बसाल तर जन्मात सापडणार नाही, तो जर्मन आहे. अर्थ पार्ट-टाइम काम.

आणि हे मला शिकवलं का नाही? शिकवलं नाहीच. एन३च्या बॅचला कातकाना शब्दांची चार पानं झेरॉक्स करून वाटली आणि वर सांगितलं, "हे तुम्हाला येईलच, इंग्रजीच आहे." २२,००० घेऊन चार पानं सेल्फ स्टडी! शनिवारचा बोलण्याचा तास तर बारापैकी पाच वेळा रद्द. तेव्हा मी भांडलो होतो, पैसे परत मागितले होते. मिळाली एक फुकट मॉक टेस्ट. साबिसु म्हणा. मंगळवारी रात्री ती चार पानं माळ्यावरून शोधून काढली. तिसऱ्या पानावर, डावीकडून दुसऱ्या रांगेत: कोन्सेन्तो. शेजारी माझ्याच अक्षरात बरोबरची खूण. म्हणजे 'हे येतं'.

पाचपैकी दीड तारा. तोही क्रियापदांसाठी.

(वरचं सगळं मंगळवारी रात्री रागात लिहिलं. आज शनिवार आहे. आधीचं खोडत नाही, पण काही गोष्टी बदलल्यात.)

बुधवारी तेच पाहुणे माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "क्यो वा तेन्शोन ताकाई देसु ने." मला वाटलं, कालच्या प्रकाराने मी टेन्शनमध्ये दिसतोय. "नाही नाही, काही टेन्शन नाही" असं जमेल तसं समजावत बसलो. दुसरे इंजिनिअर तरुण होते, त्यांनी फोनवर दाखवलं: तेन्शोन ताकाई म्हणजे एकदम जोशात. टेन्शनचा हा अर्थ कुठून आणला, असं मी जरा कुरकुरलो. त्यावर तरुण इंजिनिअरने मला विचारलं की आदल्या रात्री ड्रायव्हरने हॉटेलला नेतो म्हणून सांगितलं आणि जिथे नेलं तिथे राहायला खोल्याच नव्हत्या, त्याचं काय?

मी गप्प. आपल्याकडे हॉटेल म्हणजे मिसळ-भजी मिळते ती जागा. राहायचं असेल तर लॉज. स्टेपनी हा शब्द मी कुठल्याही गोऱ्या माणसासमोर टाकला तर तोही माझ्यासारखाच सेफ्टी ऑफिसरकडे पळेल. क्लास म्हणजे शिकवणी, लाइट म्हणजे वीज, आणि 'लाइट गेली' म्हणजे काय ते महावितरणचं गिऱ्हाईक असल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरी ही कातकाना कुणी वेगळ्या लिपीत लिहिली नाही, एवढाच फरक. त्या लोकांनी निदान पाटी लावून ठेवलीय, की हा शब्द बाहेरचा आहे, सांभाळून.

मग त्या चार पानांवर नव्याने बसलो. पान म्हणजे ब्रेड. पोर्तुगीज शब्द. आपला पावही तिथूनच आलेला. पोर्तुगीज गोव्यात १५१० मध्ये आले, जपानला १५४३ मध्ये पोचले, आणि दोन्हीकडे पाव सोडून गेले. म्हणजे वडापाव खाताना मी अर्धं जपानी खात होतो आणि क्लासला फी भरत होतो. कातकानाचे मार्क वाढवून तीन करतो.

आता जे न मागता मिळालं त्याबद्दल. मराठी माणसाला जपानीत जी सवलत आहे ती कुणी जाहिरातीत का सांगत नाही कळत नाही. वाक्याची रचना आपलीच, क्रियापद शेवटी. ने, ला, त, चा हे जसे आपले शब्दाला मागून चिकटतात तसेच त्यांचेही. उकडत असेल तर ते म्हणतात "अत्सुई देसु ने", आपण म्हणतो "उकडतंय ना". तो 'ने' आणि हा 'ना' सारख्याच कामाचे. समोरच्याने मान डोलवावी म्हणून. मुळाक्षरंसुद्धा ओळखीची. अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम संस्कृतच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या वाटेने बसलाय. न आणि म यांच्या मधे ह कसा घुसला, हे मला बरेच दिवस खटकत होतं. त्या ह चा उच्चार पूर्वी प सारखा होता, आणि स चा बहुधा च सारखा. आता म्हणून बघा: क, च, त, न, प, म, य, र, व. बालवाडीतलं पोर म्हणेल.

सगळ्यात भारी म्हणजे 'ते' रूप. इंग्रजीतून शिकवताना त्याला एवढे नियम लावतात की डोकं फिरतं. मराठीत ते आपलं '-ऊन' आहे, खाऊन-जाऊन मधलं. ताबेते मिरु म्हणजे शब्दाला शब्द 'खाऊन बघणं'. शिते ओकु, 'करून ठेवणं'. शिते शिमाउ, 'करून टाकणं' किंवा 'करून बसणं', चूक झाल्यावर म्हणतो ते. मी वर्क परमिट आणून बसलो, तेच. गुरुवारी कँटीनमध्ये ठेचा होता. मी ताटलीत सुपारीएवढा घालून "ताबेते मिते कुदासाई" म्हटलं. विचारच करावा लागला नाही, खाऊन बघा म्हणायचं होतं, ते म्हटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा वाक्य मराठीतून सरळ उतरलं, मधे इंग्रजीचा थांबा न घेता. त्यांनी खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितला.

उणिवा अजून आहेतच. ह्रस्व-दीर्घ हा माझा जुना रोग. शाळेत पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी लिहिताना मार्क जायचे, उच्चारात कधी कुणी विचारलं नाही. इथे बिरु म्हणजे इमारत आणि बीरु म्हणजे बिअर. गोष्टी मोजायचे शब्द चपट्याला वेगळे, लांबुळक्याला वेगळे, त्यात मी अजून बोटं दाखवतो. आदरार्थीचा एक प्रकार तर मनाला पटतच नाही. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना आपल्या साहेबांच्या नावामागे 'सान' लावायचं नाही, कारण ते आपल्या घरचे. आम्ही इथे शिपायालाही अहो-जाहो करतो. मी फोनवर साहेबांचं नुसतं आडनाव घेतलं आणि मागे वळलो तर साहेब उभे. हा नियम आहे, हे त्यांना दोन वेळा सांगावं लागलं. अलाउन्स त्यांच्याच सहीने निघतो.

एकूण साडेतीन. ऐकणं दोन, बोलणं दोन (मंगळवारी शून्य होतं), वाचणं साडेतीन, व्याकरण चार. हा उरलेला अर्धा तारा आज दुपारमुळे आहे. पाहुणे निघाले, गाडीपर्यंत सोडायला गेलो. वर्ष संपत आलंय म्हणून ते "योई ओतोशि ओ" म्हणाले, नवीन वर्ष चांगलं जावो. मग वयस्करांनी विचारलं, मराठीत निघताना काय म्हणता? मी म्हटलं, जातो म्हणत नाही आम्ही, 'येतो' म्हणतो, पूर्ण म्हणायचं तर 'जाऊन येतो'. त्यांनी खिशातून वही काढली, कातकानात 'येतो' लिहिलं आणि खाली लिहिलं 'इत्ते किमासु'. घरातून निघताना ते लोक रोज म्हणतात तेच. इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येतो. हा शब्द एन५ पासून मला पाठ होता आणि त्यात 'जाऊन येतो' आहे हे आज वहीत बघून कळलं. गाडी सुटताना काच खाली करून ते "येतो" म्हणाले. 'ये' जरा लांबला.

क्लासचा मेसेज आलाय, एन२ची बॅच जानेवारीत, फी २८,०००. फोन करून विचारलं, कातकाना शब्द वर्गात घेणार की पानं वाटणार? म्हणाले पानं आहेत, या वेळी सहा.