नीट रिपीट करायची की मिळतेय ती जागा घ्यायची?

निकाल लागला की घरात एकच वाक्य फिरत राहतं: ‘अजून पन्नास पडले असते तर झालं असतं.’ रिपीटचा निर्णय या वाक्यावर घेऊ नका. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जसेच्या तसे नेता येत नाहीत. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा त्याच एका वर्षात १६२ वरून १४४ वर आली. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण घसरतात, म्हणून तुलना रँकची करायची. आपली ऑल इंडिया रँक एका बाजूला, आणि हव्या त्या कॉलेजची आपल्या प्रवर्गातली शेवटच्या फेरीची रँक दुसऱ्या बाजूला. पहिल्या फेरीची यादी बघून अनेक जण उगाच हात टेकतात. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांच्या याद्या राज्याच्या सीईटी सेलच्या, अखिल भारतीय १५ टक्क्यांच्या एमसीसीच्या (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती). दोन्ही बघा.

फरक किती आहे हे कळलं की तो भरून निघण्यासारखा आहे का, हे ओएमआर शीट (गोल भरलेली उत्तरपत्रिका) सांगते. परीक्षा घेणारी संस्था एनटीए शीटची प्रत आणि उत्तरतालिका देते. उत्तरावर आक्षेप घ्यायचा तर आतापर्यंत प्रश्नामागे २०० रुपये पडत आलेत, ते वेगळं. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्याला १ कापला जातो. समजा दोघांना ४४० मिळाले. पहिल्याचे ११८ बरोबर, ३२ चूक, ३० सोडलेले. दुसऱ्याचे १२४ बरोबर, ५६ चूक, सोडलेला एकही नाही. गुण सारखे, पण दुखणं वेगळं. पहिल्याचा एक तर अभ्यासक्रम राहिलाय किंवा वेग कमी पडलाय. सुटलेला प्रश्न बरोबर आला की ४ गुण वाढतात. दुसऱ्याने सगळ्याला हात घातला, पण अर्धवट माहितीवर. चुकलेला प्रश्न बरोबर आला की तब्बल ५ गुण वाढतात, त्यामुळे ५६ पैकी २० जरी सुधारले तरी १०० गुणांची उडी आहे. कागदावर दुसऱ्याला वाव जास्त. प्रत्यक्षात मात्र अर्धवट पाठ झालेलं उकरून पुन्हा बसवणं नव्याने शिकण्यापेक्षा चिवट काम असतं.

अंदाजाने गोल भरण्याबद्दल एक गैरसमज आहे. चारातला एक अंदाजपंचे निवडला तर सरासरी पाव गुण मिळतो, तोटा होत नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी दीड गुण. नुकसान होतं ते ‘खात्री आहे’ असं वाटून भरलेल्या चुकांमुळे. म्हणून चुकांची वर्गवारी करताना प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: माहीत नव्हतं, गोंधळ झाला, गणित चुकलं की वाचण्यात घाई झाली.

पूर्ण ड्रॉप, म्हणजे कुठेच प्रवेश न घेता वर्षभर फक्त नीटची तयारी, कुणाला फळतो? जीवशास्त्रात ३६० पैकी २७०-२८० च्या आसपास अडकलेल्याला बहुधा फळतो. तिथले बरेचसे प्रश्न एनसीईआरटीच्या ओळींवरच असतात आणि वर्षभर बारकाईने वाचन झालं तर गुण सरकतात. अकरावी वाऱ्यावर सोडलेल्यालाही फळतो. आता बारावी बोर्डाची कटकट नाही, प्रॅक्टिकलच्या वह्या नाहीत. जीवशास्त्र ३२० च्या वर आणि भौतिकशास्त्र १८० पैकी ५०-६० अशी गुणपत्रिका असेल तर जरा थांबून विचार करा. भौतिकशास्त्र वाचून वाढत नाही, रोज गणितं सोडवावी लागतात, आणि गुण हलायला काही महिने जातात. त्या कामाची मनापासून तयारी नसेल तर वर्ष जाईल आणि पन्नासचे सत्तर होतील.

ड्रॉप फसतो त्याची पद्धतही ठरलेली आहे. दिवाळीपर्यंत आवडते धडेच पुन्हा होतात, टेस्ट दिल्या जातात पण चुका कुणी तपासत नाही, डिसेंबरमध्ये कंटाळा येतो. जुने सराव संच वापरताना आणखी एक बघा. २०२१ ते २०२४ या काळात ऐच्छिक प्रश्न होते, आणि २०२२ ते २०२४ मध्ये २०० मिनिटं होती. २०२५ मध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, पर्याय नाही असं झालं. जुन्या वेळेवर सराव केलेल्याची शेवटी दमछाक होते.

मिळतेय ती जागा घेण्याच्या बाजूने मुख्य गोष्ट म्हणजे वर्ष वाचतं आणि अनिश्चितता संपते. बीडीएस (दंतवैद्यक) चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. बीएएमएस (आयुर्वेद) साडेचार अधिक एक, म्हणजे एमबीबीएसइतकंच. बीएएमएस ‘तोपर्यंत’ म्हणून घेण्याचा कोर्स नाही. दंतवैद्यक किंवा आयुर्वेद यातलं काही स्वतःहून आवडत असेल तर रिपीटचा विषय इथेच मिटतो. एमबीबीएसच हवं हे मुलाचं म्हणणं आहे की घरच्यांचं, हेही आत्ताच स्पष्ट झालेलं बरं. याच रँकवर खासगी कॉलेजच्या इन्स्टिट्यूट कोट्यात एमबीबीएस मिळत असेल, तर तिथली फी नेहमीच्या कित्येक पट असते. एका वर्षाच्या क्लासच्या खर्चाशी ती रक्कम मांडून बघा. परदेशात शिकायचा विचार असेल तर पात्र ठरलेला नीटचा निकाल तीन वर्षं चालतो; देशातल्या प्रवेशाला तो त्याच वर्षापुरता.

राहिला मधला मार्ग, प्रवेश घेऊन नीट पुन्हा द्यायची. हा ऐकायला सर्वांत शहाणा आणि निभवायला सर्वांत अवघड. बीडीएस किंवा बीएएमएससोबत तो क्वचितच जमतो: हजेरीची अट, प्रॅक्टिकल, अंतर्गत परीक्षा यात दिवस संपतो. साध्या बीएससीसोबत जमू शकतो. शिवाय मूळ कागदपत्रं कॉलेजकडे जमा होतात, आणि ठरलेल्या तारखेनंतर जागा सोडली तर फी आणि दंडाचे नियम लागू होतात. एमसीसीच्या स्ट्रे फेरीत (उरलेल्या जागांची शेवटची फेरी) जागा लागून ती घेतली नाही, तर अनामत जातेच, वर पुढची नीट देण्यावर बंदी येऊ शकते. रिपीटच करायची असेल तर त्या फेरीत ‘बघू लागली तर’ म्हणून नावं टाकू नका.

रिपीट ठरली तर कागदपत्रांचं काम जूनवर ढकलू नका. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि नॉन-क्रिमिलेअर दाखल्यांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, त्यामुळे या वर्षीचा दाखला पुढच्या प्रवेशाला चालेलच असं नाही. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. खंड पडलेल्या वर्षासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याचा अर्ज आजच करा.