चिकट पानं, निळी बाटली आणि ४,०२० रुपये

तपासणीचे २००. चौदा कुंड्यांची माती बदलायचे, दर कुंडी १८० प्रमाणे, २,५२०. ‘सेंद्रिय रामबाण’ म्हणून दोन बाटल्या, ६५० ला एक. झाले ४,०२०. सोसायटीत घरोघर फिरणारा ‘झाडांचा डॉक्टर’ घेऊन गेला. पावती नाही. हसा खुशाल.

रबर प्लांट आणि शेफ्लेराची पानं चिकट, वर काजळी. त्याने पानावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “मातीतून बुरशी चढलीय.” तिथेच त्याला दार दाखवायला हवं होतं. पान उलटून बघितलंच नाही त्याने! चिकटा तर खिडकीच्या कट्ट्यावरही पडला होता. कट्ट्यालाही मातीचा रोग झाला होता काय? खवले कीड आणि पिठ्या ढेकूण रस शोषतात, जादा साखर खाली टाकतात, त्या साखरेवर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते. ओल्या फडक्याने पुसली जाते. देठावर मुंग्यांची रांग लागते तीही त्या गोडासाठीच. हे सगळं ठाऊक असून फसणं जास्त झोंबतं.

पण पिठ्या ढेकूण मुळांवरही असतो, हे खोटं नाही. त्याने मुळांत अडकलेले पांढरे कण दाखवले, म्हणून पटलं. ते परलाइट होतं, कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलके पांढरे खनिज दाणे. बोटांत चिरडून बघा: कीड मेणचट लागते, परलाइट करकरतं.

बाटलीतलं पाणी निळसर, लिंबाच्या वासाचं, ढवळलं की नुसता फेस. निंबोळी तेलाला कडवट उग्र वास असतो आणि साबणाशिवाय ते पाण्यावर तरंगतं. हे भांड्यांच्या साबणाचंच पाणी. आठवडाभर गुण आला, कारण साबणाने उघडी पिल्लं मरतात; कापसासारख्या पिशवीतली अंडी आणि खवल्याखालच्या माद्या तशाच राहतात. नवव्या दिवशी पानं पुन्हा चिकट.

तक्रार? पोलीस म्हणाले, रक्कम किरकोळ आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पावती मागितली. कृषी कार्यालयात सांगितलं, “घरातल्या कुंड्या आमच्याकडे येत नाहीत.” अहो, नोंदणी क्रमांक नसलेलं कीटकनाशक विकायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने बंदी आहे, ते शेतात मारा नाहीतर दिवाणखान्यात! गुण नियंत्रण निरीक्षक मग कशासाठी नेमलेत? तिथून मला ‘वरच्या’ कार्यालयात पाठवलं, वरच्यांनी पुन्हा खाली.

बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन नसेल तर पैसे काढू नका. खवले जुन्या टूथब्रशने खरवडा, पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली सौम्य द्रवसाबण. आधी एका पानावर लावून दिवसभर थांबा. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालून, दर सात दिवसांनी, निदान तीनदा. एका फवाऱ्यात काम होईल म्हणणारा खोटं बोलतोय. आणि मुंग्या आधी अडवा, त्या किडीची राखण करतात.

परवा बी विंगच्या लिफ्टपाशी तोच माणूस दिसला. आता कुंडीमागे २२० घेतो म्हणे.