नोटीस न देता जामीन झाला: जजची तक्रार करायची की हायकोर्टात अपील?

ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये फिर्यादीला न कळवताच आरोपीचा जामीन होतो आणि मग घरात पहिलं वाक्य निघतं ते म्हणजे "त्या जजलाच धडा शिकवला पाहिजे". राग चुकीचा नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ खाली फिर्यादीला नोटीस द्यायलाच लागते आणि बाजू मांडायचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने हरिराम भांभी केसमध्ये २०२१ ला हे बंधनकारक आहे असं स्पष्ट सांगितलंय, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

रस्ते दोन. एक, हायकोर्टाच्या प्रशासकीय बाजूकडे जजविरुद्ध तक्रार, कारण घटनेच्या २३५ कलमाप्रमाणे खालच्या कोर्टांवर कंट्रोल हायकोर्टाचा. दुसरा, जामिनाच्या ऑर्डरविरुद्ध त्याच कायद्याच्या १४-अ खाली हायकोर्टात अपील, मुदत ९० दिवस. (साध्या केसमध्ये अपील नाही, जामीन रद्दचा अर्ज.) आमच्या चुलतभावाच्या केसमध्ये घरात दोन्हीवर भरपूर वाद झाला, मी आधी तक्रारीच्याच बाजूला होतो.

तक्रारीचं आकर्षण समजतं. कोर्ट फी नाही, मोठा वकील नाही, एक अर्ज लिहा आणि पाठवा. पण प्रत्यक्षात नुसता अर्ज चालत नाही, सरन्यायाधीशांच्या ऑक्टोबर २०१४ च्या सूचनांप्रमाणे शपथेवरचं ॲफिडेव्हिट आणि तपासून बघता येईल असा पुरावा जोडावा लागतो, नाहीतर तक्रार तशीच दप्तरी दाखल. तेही आम्ही करायला तयार होतो. रोजनाम्याची (कोर्टात रोज काय झालं त्याची नोंद) नक्कल काढली होती, त्यात नोटीसचा न ही नव्हता, म्हटलं अजून काय पाहिजे.

माझं घोडं अडलं ते ॲफिडेव्हिट लिहायला बसल्यावर. "नोटीस दिली नाही" हे मी शपथेवर कधीही सांगेन, कागदच बोलतोय. पण कारवाई व्हायची तर जजने ते मुद्दाम केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, काही घेऊन केलं, असलं काहीतरी दाखवावं लागतं. ते मला कुठून माहीत असणार? कदाचित क्लार्कने नोटीस काढलीच नसेल, कदाचित पोलिसांनी बजावलीच नसेल, कदाचित साहेबांनी बोर्ड (दिवसभराच्या केसेसची यादी) उरकायच्या घाईत बघितलंच नसेल. आमच्या वकिलांनी दोन-तीनदा विचारलं, पुढच्या ओळीत काय लिहायचं सांगा, आणि दरवेळी मी गप्प. त्यात त्यांना स्वतःला रोज त्याच कोर्टात उभं राहायचं, त्यामुळे त्यांचा उत्साहही बेताचाच, त्यांना तरी काय दोष द्यायचा.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. बिहारचे जज कृष्ण प्रसाद वर्मांनी खुनाच्या केसमध्ये, हायकोर्टाने आधी जामीन नाकारलेला असतानाही जामीन दिला, त्याबद्दल त्यांनाच शिक्षा झाली, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, कारण निष्काळजीपणा असेल पण गैरहेतू कुठे दिसतो? मध्य प्रदेशात दारूच्या केसेसमध्ये कायद्यातल्या अटींचा उल्लेख न करता जामीन दिले म्हणून २०१४ मध्ये बडतर्फ झालेल्या जजची बडतर्फीही जानेवारी २०२६ मध्ये उडाली. आणि खरं सांगायचं तर हे मला पटतंही, कारण प्रत्येक जामिनामागे चौकशी लागली तर कुठला जज जामीन द्यायची हिंमत करेल, आणि मग आत सडणार कोण ते आपल्याला माहितीये.

आता पैशाचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. साताऱ्यात जामिनासाठी पाच लाख मागितल्याच्या आरोपावरून जिल्हा न्यायाधीशांवर डिसेंबर २०२४ मध्ये एसीबीने (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने) गुन्हा नोंदवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टाने त्यांना बडतर्फ केलं. तुमच्याकडे असं काही हातात असेल, किंवा तोच जज, तोच वकील, तशाच केसेस असा पॅटर्न कागदावर दाखवता येत असेल, तर तक्रार जरूर करा, मी अडवणार नाही.

पण तक्रारीने जामीन हलत नाही, हे लक्षात ठेवा. पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात अल्पवयीन आरोपीला जामिनाच्या अटीत दिलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावरून केवढा गदारोळ झाला, बाल न्याय मंडळाच्या दोन सदस्यांना (ते जज नव्हते, सरकारने नेमलेले) ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलंही, पण मुलाला निरीक्षणगृहातून सोडायचा आदेश हायकोर्टाने जूनमध्येच दिलेला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंधच नाही.

अपीलात उलटं आहे, तिथे जजच्या मनात काय होतं हे कुणी विचारत नाही. नोटीस नाही, ऐकलं नाही, एवढंच पुरतं. खर्च होतो, खंडपीठाच्या गावाला फेऱ्या होतात, तारीख पुढे जाते, हे मान्य. (परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा.) आणि जिंकलात तरी आरोपी कायमचा आत असं काही नाही बरं का. लखीमपूर खेरीच्या (आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या) केसमध्ये एप्रिल २०२२ मध्ये पीडितांचं ऐकलं नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने जामीन रद्द केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच कोर्टाने त्याच आरोपीला अंतरिम जामीन दिला.

अजून एक, अपीलात जजवर ताशेरे मारा अशी मागणी करू नका, असले ताशेरे वर जाऊन पुसले जातात आणि आपला मूळ मुद्दा बाजूला राहतो. गंमत म्हणजे न मागता कधी कधी मिळतं. दिल्लीत सुमारे १.९ कोटींच्या फसवणुकीच्या केसमध्ये जामिनाविरुद्ध फिर्यादी कंपनी भांडत भांडत वर गेली, तर सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन तर रद्द केलाच, वर मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स जज दोघांनाही किमान सात दिवस ट्रेनिंगला पाठवलं. तक्रार करून मला नाही वाटत एवढं झालं असतं.

आमच्याकडे हायकोर्टाने रोजनामा बघितला, सरकारी वकिलांना नोटीस कुठे आहे विचारलं, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, ऑर्डर रद्द होऊन प्रकरण परत खाली आलं. जजसाहेब तेच. या वेळी भावाला समोर उभं करून सगळं ऐकून घेतलं, जामीन पुन्हा दिलाच, पण केस संपेपर्यंत आरोपीने तालुक्यात पाय ठेवायचा नाही या अटीवर. वहिनी आता परत शेतात एकट्या जातात. ॲफिडेव्हिटचा तो अर्धा ड्राफ्ट माझ्याकडे अजून पडून आहे, कुणाला नमुना म्हणून हवा असेल तर देतो, पण पुढची ओळ तुमची तुम्हालाच लिहावी लागेल.