रीगल एंजल, कुर्ल्याचं एक दुकान आणि माझ्या दोन तक्रारी

दुकानाचं नाव लिहीत नाही. खाली दोन तक्रारी आहेत आणि मला तिथे परत जायचंय. कुर्ला पश्चिमेला खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे विकणारी दुकानं मोजकीच. ज्यांना हा नाद आहे त्यांना पोटमाळ्यावरच्या टाक्या आणि तो उभा लोखंडी जिना म्हटलं की कळेल.

मी गेले होते रीगल एंजलसाठी. मरीन एंजल, म्हणजे समुद्री एंजल माशांमध्ये देखणे पुष्कळ आहेत, पण घरात टिकवताना जीव काढणारा हा. नारिंगी-पिवळं अंग, त्यावर गडद निळ्या कडांचे निळसर-पांढरे पट्टे, पिवळीधमक शेपटी. शास्त्रीय नाव पायगोप्लाइट्स डायाकॅन्थस, आणि पायगोप्लाइट्स या प्रजातीत (जीनसमध्ये) हा एकटाच. समुद्रात याचं पोट भरतं ते खडकाला चिकटलेल्या स्पंज आणि ट्यूनिकेट या समुद्री जीवांवर. आपण टाकतो त्या गोळ्या हे खाणं आहे, हेच त्याच्या गावी नसतं. कित्येक रीगल धडधाकट दिसत असताना निव्वळ उपासाने जातात. त्यामुळे दुकान कसं आहे ते ठरवायला माझा एकच प्रश्न असतो: मासा माझ्यासमोर खाऊन दाखवाल का?

इथे दाखवतात. मालकांनी फ्रीझरमधून एक तिसरी काढली, शिंपला उघडून मांसासकट दगडांच्या सांदीत ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, जरा मागे उभ्या राहा." पहिली काही मिनिटं नुसती शेपटी दिसत होती. मग मासा आडवा होऊन बाहेर आला, एका डोळ्याने शिंपला न्याहाळला, परत आत. दुसऱ्या खेपेला टोच मारली आणि मांसाचा दोरा ओढून घेऊन गेला. त्यानंतर तो शिंपला रिकामा होईपर्यंत हलला नाही. एवढं बघितल्यावर मी अर्धे पैसे भरले.

त्यांची पद्धत अशी: अर्धी रक्कम भरा, मासा पंधरा दिवस दुकानातच राहील, खाणं सुटलं तर पैसे परत. अधूनमधून व्हॉट्सॲपवर जेवणाचा व्हिडिओ येतो (मागे मालिकेचे संवाद मोठ्याने चालू असतात, ते सोडून द्या). एवढी उस्तवार दुसरीकडे कोणी केलेली मी बघितली नाही.

आता पहिली तक्रार. पार्टिशनच्या दोन बाजूंना दोन रीगल होते आणि वर एकच चिठ्ठी: 'रीगल, मालदीव'. एकाची छाती पिवळी, दुसऱ्याची राखाडी-निळसर. हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातल्या रीगलची छाती पिवळी-नारिंगी असते, राखाडी छाती पॅसिफिककडच्याची. म्हणजे दुसरा मालदीवचा नव्हेच. हा फरक दिसण्यापुरता नाही. पाळणाऱ्यांचा अनुभव असा, की पिवळ्या छातीचा लवकर खायला लागतो. शिवाय इंडोनेशिया-फिलिपिन्सकडच्या मालात सायनाइडने गुंगवून पकडलेला मासा निघण्याची धास्ती असते. विचारलं तर उत्तर मिळालं, "पार्टीने बिलावर जे लिहिलं तेच चिकटवलं." राखाडीचा भाव लगेच उतरवला, चिठ्ठी मात्र बदलली नाही.

दुसरी तक्रार तांब्याची. व्हाइट स्पॉट (परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग) येऊ नये म्हणून एका ओळीतल्या सगळ्या टाक्यांत कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, सोडलेलं होतं. किती, विचारलं तर "अंदाजे". कॉपर कमी पडलं तर परजीवी मरत नाही आणि जास्त झालं तर आधीच खाण्याचे नखरे असलेला मासा तोंडच उघडत नाही. टेस्ट किट काही सोन्याचं नाही. मी माझा मासा बिनऔषधाच्या टाकीत ठेवायला लावला, तो त्यांनी ठेवला.

पॅकिंगला मात्र पैकीच्या पैकी. एंजलच्या गालाखाली मागे वळलेला काटा असतो. बटरफ्लाय फिश आणि एंजल यांची गल्लत होत असेल तर तो काटा बघा, बटरफ्लायला तो नसतो. जाळीत धरला की काटा अडकतो आणि सोडवताना गालाला जखम होते. इथल्या मुलाने प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून माशाला हळूच आत घेतलं आणि पिशवीला काट्याने भोक पडू नये म्हणून दुहेरी पिशवी वापरली. कोणी शिकवलं ठाऊक नाही, पण नीट शिकवलंय.

मासा निवडताना समोरून बघा. डोक्यामागे पाठ खपाटीला गेली असेल, पोट आत ओढलं असेल तर रंगाला भुलू नका. पाठीच्या पराच्या मागच्या टोकाला डोळ्यासारखा ठिपका म्हणजे पिल्लू, त्याला पोसणं आणखी अवघड. पूर्ण वाढलेला, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासचा, तोही जुन्या सवयी सोडत नाही. दहा-बारा सेंटिमीटरचा बरा.

माझी टाकी पाचशे लिटरची, पाणी 25-26 अंशांवर, त्यासाठी चिलर. मुंबईच्या मे महिन्यात त्याला पर्याय नाही, विजेच्या बिलावर घरात बोलणी खावी लागतात. कडक प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे माझ्याकडे सिरॅमिकचे दगड. रीगलला हव्यात कपारी, त्या त्यात भरपूर. टँगसारखे दांडगट मासे आधीपासून असतील तर याला आणू नका, तो कोपऱ्यातच उपाशी राहील.

घरी तिसऱ्यांवरच सुरुवात केली. बाजारातून वाटा आणायचा, काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा, मग एकेक द्यायची. त्याने परजीवींचा धोका कमी होतो. कोळीणबाईंनी विचारलं, "एवढ्याशात कालवण होतंय काय?" मी हो म्हटलं. पुढे स्पंज घातलेलं फ्रोझन खाद्य त्याच शिंपल्यात दाबून भरलं, आणि आता गोळ्याही खातो, पण थोड्या थोड्या, दिवसातून तीनदा.

किंमत पिवळ्या छातीच्याची साडेसात हजार. रविवारी जाऊ नका, गर्दीत मासा बिचकतो आणि खाऊन दाखवायला मालकांनाही वेळ नसतो. कार्ड चालत नाही, रोख नाहीतर यूपीआय. आणि टाकीला कॉपर लावलंय का, ते पैसे देण्याआधी विचारा.