मरोळ नाका ते गिरगाव, आईला घेऊन

मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ च्या स्टेशनांबद्दल मी लिहितेय ते गुडघे दुखणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईसोबत केलेल्या प्रवासावरून. आई लग्न होऊन मुगभाटातल्या चाळीत आली, तिथे पंचेचाळीस वर्षं राहिली आणि आता माझ्याकडे मरोळला असते. आधी गिरगावात जायचं म्हणजे अंधेरी गाठायची, लोकलने चर्नी रोड, मग पुलाचे जिने. गेली चार वर्षं तिने ते सोडूनच दिलं होतं.

९ ऑक्टोबर २०२५ ला आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा लोकांसाठी सुरू झाला आणि आरे ते कफ परेड अशी साडेतेहेतीस किलोमीटरची, सत्तावीस स्टेशनांची लाइन पुरी झाली. त्यातलं फक्त आरे जमिनीवर आहे, बाकी सव्वीस जमिनीच्या पोटात. दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो.

मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रोही मिळते, त्यामुळे गर्दी असते. पण आईच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर लिफ्ट रस्त्यावरून तिकिटाच्या मजल्यावर आणि तिथून दुसरी थेट फलाटावर. एकही पायरी नाही. फलाटाच्या कडेला काचेची भिंत, गाडी थांबली की तिची दारं उघडतात. लोकलच्या दारात आयुष्यभर धक्के खाल्लेली आई गाडी येताना मागे सरकून माझा दंड धरून उभी होती. सांताक्रूझ येईपर्यंत तिचा हात सुटला.

आत घोषणा आधी मराठीत होते. "पुढील स्थानक शीतलादेवी" ऐकल्यावर आईने हात जोडले, सिद्धिविनायकाला पुन्हा जोडले. बीकेसी आणि धारावीच्या मध्ये आपण मिठी नदीच्या खालून जातो हे मी सांगितलं तर तिने वर बघितलं.

दादरबद्दल मात्र आधीच सांगते. हे स्टेशन शिवाजी पार्काच्या बाजूला आहे. लोकलचं दादर समजून उतरलात तर सामान घेऊन बरंच चालावं लागेल. वयस्कर माणूस सोबत असेल तर लोकल बदलायला चर्चगेट, सीएसएमटी किंवा महालक्ष्मी बघा.

मुंबई सेंट्रलचं जगन्नाथ शंकरशेट स्टेशन आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती आणण्यात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांचा मोठा वाटा. आमच्या गिरगावच्या मुख्य रस्त्यालाही त्यांचंच नाव. मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आता ते येईल.

आणि गिरगाव. इथे आणि काळबादेवीला वरून रस्ता उघडायला जागाच नव्हती, दोन्हीकडे शंभरी गाठलेल्या इमारती. म्हणून बाजूच्या छोट्या जागेत विहिरीसारखा खड्डा घेऊन तिथून आडवं पोखरत फलाटाची पोकळी काढली. खडक थोडा फोडायचा, लगेच सिमेंटचा फवारा मारून तो धरून ठेवायचा, मग पुढे. काही कुटुंबांना त्यासाठी घरं सोडावी लागली, हे गिरगावकर विसरणार नाही आणि कुणी विसरूही नये. स्टेशन खोल आहे. लिफ्टसाठी रांग लागते, थांबा. सरकत्या जिन्यावर म्हाताऱ्या माणसाला घाई करू नका. फलाटावरच्या बाकांची संख्या वाढवायला हवी, हे माझं कळकळीचं मागणं.

चाळीस-एक मिनिटांत आम्ही ठाकूरद्वारला रस्त्यावर होतो. आई बाहेर येऊन थांबली, क्षणभर तिला दिशा लागेना. मग फणसवाडीचा कोपरा दिसला आणि पुढचं मला तिने नेलं. विनय हेल्थ होममध्ये मिसळ, तिच्यासाठी कमी तिखट. चाळीत शेजारच्या काकू भेटल्या. दोघी जिन्याखालच्या खुर्च्यांवर दोन तास बसल्या.

तिकीट दहा ते सत्तर रुपयांत, अंतराप्रमाणे. ते स्टेशनात शिरण्याआधीच फोनवर काढून ठेवा, कारण खाली आमच्या फोनला रेंज नव्हती. कुणाला भेटायचं असेल तर कुठल्या दाराशी तेही वरच ठरवा. रात्री शेवटची गाडी साडेदहाची आहे. आम्ही आठच्या गाडीने परतलो. आईने काकूंना पुढच्या महिन्यातली संकष्टी सांगून ठेवली आहे.