निरीक्षणगृहातलं समुपदेशन की वस्तीतलं काम?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसोबत काम करायचं हेही ठरलं, आता कुठे लागावं? मी आधी निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे, समुपदेशक होतो, आता वस्तीत काम करतो. त्यामुळे माझं माप थोडं झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आतल्या कामाची मोठी सोय म्हणजे मुलगा समोर बसलेला असतो. वस्तीत त्याला गाठायला नाक्यावर तिष्ठत राहावं लागतं. घरात मार खाऊन वाढलेला किंवा नशेसाठी सोल्युशन ओढणारा मुलगा असेल, तर त्याच्याशी निवांत, एकट्याने बोलावंच लागतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या दीर्घ अभ्यासाचा आधार घेऊन मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 साली मांडलं, की बालपणापासून आक्रमक असणारी आणि पुढेही तशीच राहणारी मुलं थोडी. वयात येताना सोबतीने वाहवणारी आणि नंतर आपसूक सावरणारी बरीच. त्या थोड्यांना समुपदेशन हवंच. बाकीची सावरली ती आमच्यामुळे की वयामुळे, हे मात्र आम्ही अहवालात कधी लिहिलं नाही.

मला वैताग आणला तो मुलं सुटण्याच्या पद्धतीने. बाल न्याय कायद्यात जामीन हाच नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण मुलगा जरा कुठे बोलता व्हायचा आणि पुढच्या खेपेला त्याची गादी गुंडाळलेली दिसायची. आधी कळवणारं कोणी नाही. पत्ता फायलीत, फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली घेऊन साहेब बाल न्याय मंडळात तारखेला! तोवर पोरगा त्याच गल्लीत, त्याच भाईच्या बाइकवर मागे बसलेला. पुन्हा आत आला की नवा समुपदेशक विचारणार, "घरी कोण कोण असतं?" उत्तर त्याला पाठ असायचं.

शिकागोत शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांना हेच दिसलं होतं: स्थलांतरितांचे एकामागून एक गट आले-गेले, तरी बालगुन्हेगारी त्याच ठरावीक भागांत जास्त राहिली. न्यूझीलंडच्या 1989 च्या कायद्याने तर मुलाचं काय करायचं हे ठरवायला घरच्यांना आणि नातेवाइकांना बैठकीत बसवलं. त्यामागे तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाचा रेटा होता. आपल्याकडे तशी बैठक नाही, पण मामा असतो. एका मुलाला त्याच्या मामाने गॅरेजवर ठेवून घेतलं आणि त्याची संध्याकाळची नाक्यावरची हजेरी सुटली. माझ्या सत्रांनी एवढं साधलं नव्हतं.

वस्तीत पगार कमी, देणगीदारांना आकडे हवेत, आणि मुलींपर्यंत पोचणं माझ्यासारख्या पुरुषाला अजूनही अवघड जातं. क्लिनिकल प्रशिक्षण झालं असेल तर कदाचित तुम्ही आतच जास्त उपयोगी पडाल. बाकीच्यांनी माझ्या मते वस्ती धरावी. आत लागलातच, तर परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) सांगून गृहभेटीची परवानगी पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा.